खेळातील अभ्यास

गेल्या कार्तिकात एके पहाटे काकड आरती आटोपल्यावर प्रसादाची वाट पाहत सभामंडपात बसलेल्या दोन मुलांचे बोलणे माझ्या कानी पडले. एक सांगत होता, "मी घाई करतो, म्हणून उजवीकडे भोक राहते." दुसरा म्हणाला, "घाईचे काही नाही. तू हातातलाच तुकडा पाहतोस, पुढचा पाहत नाहीस." मला वाटले, सुतारकामाची वा फरशी बसविण्याची काही गोष्ट चालली असावी. विचारता कळले की, हा सारा ऊहापोह दूरदर्शन संचाला जोडून खेळावयाच्या एका व्हिडिओगेमविषयी होता. माझ्या तोंडून सहज निघून गेले, "देवाच्या दारात हेच बोलणे सुचते काय? याने आयुष्यात काय साधणार आहे?" मुलांनी माना खाली घातल्या. त्यांतील धाकटा, जो रोज टाळ धरीत असे, तो पुढे दोन दिवस काकड्यास आला नाही.

त्या दोन दिवसांत माझ्याच प्रश्नाने मला अस्वस्थ केले. ज्या गोष्टीपासून काही निष्पन्न होत नाही, ती अधिक चांगली करता यावी म्हणून माणसाने झटावे, यात काही अर्थ आहे काय? आणि नसेल, तर ज्याला आपण अभ्यास म्हणतो तो केवळ विषयाच्या थोरवीवरून ठरावयाचा काय?

मुलांच्या बोलण्यातील खेळाचे नाव टेट्रिस. तो अलेक्सेई पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने १९८४-८५ च्या सुमारास मॉस्को येथे रचला आणि १९८९ साली निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या घरगुती खेळयंत्रासाठी काढला. चार-चार चौकोनांचे सात आकार एकेक करून वरून खाली येतात. ते फिरवून, सरकवून दहा घरांची आडवी ओळ भरावयाची. ओळ पुरी भरली की नाहीशी होते. चुकून राहिलेले भोक मात्र राहते आणि त्यावर पुढचे ओझे चढत जाते. डाव जसजसा पुढे जातो तसतसा वेग वाढतो. एकोणतिसाव्या पायरीला तर तुकडा वरून तळाशी येण्यास सेकंदाचा तिसरा हिस्साच पुरतो. मानवी बोटांची धाव येथेच संपते, अशी खेळणाऱ्यांची अनेक वर्षे समजूत होती. या खेळात जिंकणे असे नाहीच. किती वेळ हरला नाहीत, एवढाच हिशेब.

मग कोणी अंगठा थरथरवून बटण सेकंदाला दहा-बारा वेळा दाबण्याची युक्ती साधली. पुढे २०२० नंतर आणखी एक रीत रुळली. अंगठा बटणावर नुसता ठेवावयाचा आणि दुसऱ्या हाताची बोटे यंत्राच्या पाठीवर एकामागून एक वाजवावयाची, जणू तबल्यावर बोल काढावेत तशी! ही रीत कोणी कुलुपात ठेवली नाही. खेळणाऱ्यांनी ती एकमेकांस दाखविली, त्यामुळे थोड्याच काळात पुष्कळांचा पल्ला वाढला.

या खेळाची जागतिक स्पर्धा २०१० पासून अमेरिकेत भरू लागली. जोनास न्यूबाउर या गृहस्थाने ती सात वेळा जिंकली. २०१८ च्या अंतिम सामन्यात सोळा वर्षांच्या जोसेफ सेली या मुलाने नव्या हातोटीने त्यास हरविले. न्यूबाउर जुन्या पद्धतीचा, बटण दाबून धरणारा खेळाडू. आपले राज्य गेले याचा विषाद न दाखविता त्याने त्या मुलाचे सर्वांसमक्ष मनमोकळे कौतुक केले. २०२१ च्या जानेवारीत, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, तो वारला. त्याचे जिंकलेले सामने आज किती जणांस आठवत असतील कोण जाणे. त्याचे ते हरणे मात्र खेळणाऱ्यांच्या स्मरणात आहे.

पुढे २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमा प्रांतातील तेरा वर्षांच्या एका मुलाने एकशे सत्तावन्नाव्या पायरीपर्यंत मजल मारली आणि तेथे खेळच गोठून बंद पडला. तोवर हे केवळ संगणकाच्या कार्यक्रमांना साधले होते, माणसास नव्हते. त्याच महिन्यात त्या मुलाचे वडील निवर्तले होते. त्याने तो डाव त्यांस अर्पण केला. ब्रिटनमधील एका वृत्तवाहिनीच्या निवेदिकेने ही वार्ता सांगताना, यापेक्षा बाहेर जाऊन मोकळी हवा घ्यावी, हे काही जीवनाचे ध्येय नव्हे, अशा अर्थाचा शेरा मारला. तो शेरा वाचला तेव्हा मला माझाच सभामंडपातील आवाज ऐकू आला.

निवेदिकेचे म्हणणे खोटे होते असे नाही. टेट्रिस हे जीवनाचे ध्येय खचितच नव्हे. पण ते ध्येय आहे असे त्या मुलाने तरी कोठे म्हटले होते?

येथे वनपर्वातील नलोपाख्यान आठवते. नल द्यूतात राज्य गमावून बसला, कारण त्याच्या देहात कली शिरला होता, हे आपण कीर्तनांतून पुष्कळदा ऐकतो. तो कली बाहेर कसा पडला, तिकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. नलाने फासे हाती न धरण्याची शपथ वाहिली म्हणून तो निघाला, असे व्यासांनी लिहिलेले नाही. बाहुक या नावाने सारथी होऊन नल ऋतुपर्ण राजास विदर्भाकडे नेत असता राजाने वाटेवरील बेहड्याच्या झाडाची पाने आणि फळे नुसत्या दृष्टिक्षेपात मोजून सांगितली. दमयंतीच्या स्वयंवरास वेळेवर पोचावयाचे, राजा उतावीळ झालेला, तरी नलाने रथ थांबविला. ते झाड पाडून फळे मोजली आणि संख्या बरोबर निघाली तेव्हाच त्याने मान डोलावली. मग अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्णाने त्यास अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकविले. आणि ते कळताक्षणीच कली त्याच्या देहातून निघाला. ज्या खेळाने बुडविले, त्याच खेळाचे ज्ञान होताच मुक्तता झाली. ही कथा बृहदश्व ऋषींनी वनात युधिष्ठिरास सांगितली आणि त्यालाही तीच विद्या दिली. विराटाच्या घरी कंक होऊन धर्मराजाने पुढे फाशांवरच वर्ष काढले, ही गंमत सोडा. पण द्यूतात सर्वस्व घालविलेल्या माणसास ऋषी द्यूताचे मर्म शिकवितो, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

नल प्रथम जो खेळला तो ओढीने. हरत गेला आणि हरल्यामुळेच पुन्हा खेळत गेला. आपण कोठे चुकतो, हे पाहावयास तो क्षणभरही थांबला नाही. नंतरचा नल झाडाखाली उतरून फळे मोजतो. ओढीत आणि अभ्यासात हाच भेद मला दिसतो. अभ्यास करणारा थांबतो, मागे पाहतो, "भोक उजवीकडेच का राहते?" असे विचारतो. वेळ घालविण्यासाठी बटणे दाबणाऱ्यास हा प्रश्न पडत नाही. हरला की यंत्रास दोष देऊन तो पुन्हा सुरुवात करतो.

तथापि येथे एक कबुली दिली पाहिजे. मर्म कळले म्हणजे प्रत्येकाचाच कली निघतो असे नाही. निष्णात खेळाडूही खेळाचा दास होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने, २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत, खेळण्यावरील ताबा सुटणे आणि त्यापायी इतर कर्तव्ये मागे पडणे या अवस्थेस विकार म्हणून स्थान दिले आहे. घरोघरीच्या आईबापांस ते त्याआधीच ठाऊक होते. पैसा लावून खेळावयाचे आंतरजालावरील खेळ तर आपल्या संसदेने २०२५ साली कायद्याने निषिद्ध केले, आणि ते योग्यच झाले असे माझे मत आहे. तेथे खेळाचे नाव असते, काम पुष्कराच्या फाशांचे चालते. म्हणून गीतेने आणि योगसूत्रांनी अभ्यासासोबत वैराग्य सांगितले. जेवणाची हाक आली की बटण खाली ठेवता येते की नाही, हे घरातल्या माणसांनी जरूर पाहावे. पण तेवढ्यावर न थांबता मूल हरल्यावर काय करते, आणि आपल्याहून वरचढ कोणी भेटला तर त्याच्याशी कसे वागते, तेही पाहावे. फासे जिंकून राज्य परत मिळविल्यावर नलाने पुष्करास मारले नाही, त्याचा वाटा देऊन सन्मानाने घरी पाठविले. हे मला अक्षहृदयाचाच भाग वाटते.

तिसऱ्या दिवशी मी त्या धाकट्याच्या घरी गेलो. त्याच्या वडिलांच्या लहानपणचे एक जुने खेळयंत्र माळ्यावर सापडले होते, त्यातील एका कॅसेटमध्ये हा खेळ होता. मी म्हटले, "मलाही दाखव बघू." तो प्रथम संकोचला, मग शेजारी बसला. माझे तुकडे वेडेवाकडे पडत होते, भोकांवर भोके साचत होती. तो हसला नाही. कोपऱ्यातील चौकटीकडे बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, आधी तिथे पाहा. पुढे काय येणार ते तिथे दिसते." मला ती चौकट तोवर दिसलीच नव्हती. डाव दोन मिनिटांत संपला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो टाळ घेऊन आला आणि आरती संपताच त्याने मला विचारले, "काल डावीकडे किती भोके राहिली होती, आठवते का?"