यंत्राचें मौन

गेल्या जून महिन्यांतील गोष्ट. कॉलेजला जाण्याच्या घाईंत मीं आमच्या सोसायटीच्या आवारांत गाडी मागें घेत असतां चाकाखालीं कांहींतरी चुरडल्याचा आवाज झाला. उतरून पाहिलें, तों रखवालदाराच्या चार वर्षांच्या मुलीची तीनचाकी सायकल मागच्या चाकाखालीं मोडून पडली होती. मुलगी पाण्याच्या टांकीपाशीं उभी राहून माझ्याकडे पाहत होती. ती सायकलीवरून केव्हां उतरली हें मला कळलें नाहीं, आणि विचारण्याचें धैर्यहि झालें नाहीं. त्याच संध्याकाळीं मीं तिला नवी सायकल आणून दिली. तिच्या वडिलांनीं ती निमूटपणें घेतली. ते कांहींच बोलले नाहींत. प्रकरण मिटलें असें मीं मानलें.

माझी गाडी २०१४ सालची. मागच्या अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर असलेच पाहिजेत, हा नियम आपल्या देशांत नव्या मोटारींना १ जुलै २०१९ पासून लागू झाला. सबब माझ्या गाडीला ते नव्हते. पुढच्याच रविवारीं मीं बाजारांतून पार्किंग सेन्सरचा संच आणला व तो स्वतःच बसवावयाचें ठरविलें. "अहो, गॅरेजवाला तासाभरांत करून देईल," असें पत्नीनें सुचविलें. पण चूक ज्याच्या हातून घडली त्यानेंच हात मळवावे, असें कांहींसें प्रायश्चित्ताचें समाधान मला हवें होतें.

काम फारसें अवघड नाहीं. बंपर पुसून त्यावर कागदी चिकटपट्टी लावली, जमिनीपासून सुमारें अर्ध्या मीटरवर सारख्या अंतरानें चार खुणा केल्या, आणि संचाबरोबर मिळालेली गोल करवत ड्रिलला लावून चार भोंकें पाडलीं. पहिलें भोंक पाडतांना हात कांपला. कारण माप चुकलें तर बंपर पूर्ववत् होत नाहीं. प्रत्येक सेन्सरवर वरची बाजू दाखविणारी खूण असते. ती उलटी बसली तर यंत्र जमिनीलाच अडथळा समजून ओरडूं लागतें. तारा डिकींत ओढून घेतल्या, व यंत्राच्या पेटीची वीजतार मागें जातांना लागणाऱ्या पांढऱ्या दिव्याच्या तारेला जोडली. त्यामुळें रिव्हर्स गिअर टाकला म्हणजेच यंत्र जागें होतें.

त्या बटणाएवढ्या तबकड्या सेकंदाला सुमारें चाळीस हजार कंपनांचा ध्वनि सोडतात. मनुष्याच्या कानाची मर्यादा वीस हजारांच्या आसपास असल्यामुळें तो आपणांस ऐकूं येत नाहीं. तो ध्वनि वस्तूवर आदळून परततो, आणि जाण्यायेण्यास लागलेल्या काळावरून यंत्र अंतर ठरवितें. एक मीटरवरील भिंतीचा प्रतिध्वनि सुमारें सहा सहस्रांश सेकंदांत परत येतो. वटवाघळें अंधारांत याच युक्तीनें वाट काढतात.

सायंकाळीं मुलाला मदतीस घेऊन मीं यंत्राची परीक्षा घेतली. भिंत आली, यंत्र ओरडलें. पाण्यानें भरलेली बादली व तुळशीची कुंडी स्टुलावर ठेवून पाहिली, त्यांनाहि तें ओरडलें. पुढें मुलानें एक बारीक लोखंडी सळई उभी धरली, यंत्र गप्प. जमिनीवर वीट ठेवली, गप्प. स्टुलावर गोधडी टाकली, तेव्हां अगदीं जवळ जाईपर्यंत तें बोललें नाहीं. कारणें उघड आहेत. सळईवरून परतणारा ध्वनि फार क्षीण असतो, वीट त्याच्या झोताच्या खालीं राहते, आणि मऊ कापड ध्वनि गिळून टाकतें. "बाबा, हें पास झालें कीं नापास?" मुलानें विचारलें.

मला चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. यंत्र ओरडलें म्हणजे बहुधा मागें कांहींतरी आहे, एवढें धरून चालावें. पण तें गप्प राहिलें तर? त्या मौनाचे दोन अर्थ संभवतात. मागें कांहीं नाहीं, हा एक. जें आहे तें यंत्राच्या आटोक्यांत नाहीं, हा दुसरा. कानाला दोन्ही वेळीं अनुभव एकच येतो, आणि ज्याला घाई असते तो सोयीचा अर्थ उचलतो.

हाच घोटाळा आपण आयुष्यांत किती ठिकाणीं करतों याचा विचार मग मनांत सुरू झाला. तास संपतांना मी वर्गाला विचारतों, "कांहीं शंका?" वर्ग गप्प असतो, आणि विषय समजला असें मानून मी वही मिटतों. परीक्षेच्या उत्तरपत्रिका पाहिल्यावर त्या शांततेचा खरा अर्थ कळतो. धुणेंभांडीं करणारी बाई चार वर्षें पगार वाढवून मागत नाहीं. आपण म्हणतों, ती समाधानी आहे. वृद्ध आई "मला कांहीं नको" म्हणते. आपण म्हणतों, तिला कशाची उणीव नाहीं.

याहून गंभीर गोष्ट स्वतःच्या मनाची. "माझें मन मला टोचत नाहीं" हा आपल्या निर्दोषपणाचा शेवटचा पुरावा म्हणून आपण पुढें करतों. परंतु मन हेंहि संस्कारांनीं बसविलेलें एक यंत्रच नव्हे काय? त्याचाहि एक टप्पा असतो. अस्पृश्य मानलेल्या माणसाला ओसरीवर येऊं न देणाऱ्या आमच्या पूर्वजांत सत्यवचनी, दानशूर व पापभीरु माणसें पुष्कळ होतीं. खोटें बोलतांना ज्यांना कंप सुटे, त्यांना तहानलेल्या माणसाला वरून पाणी वाढतांना कांहीं वाटत नसे. त्यांचें मन मोडलेलें नव्हतें. तें माणूस त्या मनाच्या आटोक्यांत बसविलेलेंच नव्हतें.

"मग मनाचा कौल मानूंच नये, आणि सेन्सरहि बसवूं नयेत, असें तुमचें म्हणणें कीं काय?" असा आक्षेप तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या माझ्या एका स्नेह्यांनीं घेतला. तसें मुळींच नाहीं. आवाजाची साक्ष आणि मौनाची साक्ष यांची किंमत सारखी नाहीं, एवढेंच मला म्हणावयाचें आहे. यंत्र ओरडलें तर थांबावें; मन टोचलें तरी थांबावें. यांत चूक झाली तरी दोन क्षण वायां जातील. परंतु दोन्ही गप्प असतील तर तेवढ्यानें पुढें जाण्याचा परवाना मिळाला असें समजूं नये. तेथें स्वतः उतरून पाहण्याचें काम शिल्लक राहतें.

यंत्र आल्यानें हें काम उलट विसरलें जातें. सेन्सर बसविल्यावर आठच दिवसांत माझ्या ध्यानांत आलें कीं मी मान वळवून मागें पाहणें सोडून दिलें आहे. ज्यानें स्वतःच्या हातानें भोंकें पाडलीं, सळई आणि विटेची परीक्षा घेतली, त्याची ही गत! अमेरिकेंत २००२ सालीं एक दोन वर्षांचें मूल स्वतःच्या वडिलांच्याच मागें येणाऱ्या गाडीखालीं दगावलें. त्या मुलाच्या नांवानें २००८ सालीं कायदा झाला, आणि मे २०१८ पासून तेथील प्रत्येक नव्या हलक्या मोटारींत मागची जागा चालकाला दिसलीच पाहिजे असा नियम आला. नुसत्या आवाजावर त्या नियमानें भागविलें नाहीं. पण दाखविलेलें चित्र पाहणें शेवटीं चालकाच्याच हातीं आहे.

"असें प्रत्येक गोष्टींत उतरून पाहूं लागलों तर गाडी आवाराबाहेर निघणारच नाहीं," असेंहि माझे स्नेही म्हणाले. त्यांत तथ्य आहे. प्रत्येक यंत्र, प्रत्येक माणूस, प्रत्येक मौन पारखून घेण्याइतकें आयुष्य कोणालाच नाहीं. म्हणून एक मर्यादा घालून घ्यावी असें मला वाटतें. जें मोडल्यावर पुन्हा आणतां येतें तेथें मौनावर विश्वासण्यास हरकत नाहीं. जें पुन्हा आणतां येत नाहीं तेथें उतरलेंच पाहिजे. सायकल मीं संध्याकाळपर्यंत आणूं शकलों.

हें लिहितां लिहितां रखवालदाराच्या त्या मौनाची आठवण झाली आणि लेखणी थांबली. खालीं गेलों. ते फाटकापाशीं खुर्ची टाकून बसले होते. "त्या दिवशीं तुम्ही कांहीं बोलला नाहींत," मी म्हणालों. ते उठून उभे राहिले. "काय बोलणार, साहेब? घरीं मी सांगितलंच नाहीं. सायकल जिन्यावरून पडून मोडली म्हणालों. हिच्या आईला कळलं असतं तर ती पोरीला घेऊन गावाकडं गेली असती."

मला कांहीं सुचेना. थोड्या वेळानें तेच म्हणाले, "एक सांगूं का? गाडी काढायच्या आधीं पोरीला एक हाक मारत जा. ती ओ देते."

आतां मी हाक मारतों. ओ आली म्हणजे ती कोठें आहे तें पाहतों. न आली तर गाडीभोंवतीं एक फेरी घालतों, आणि मगच रिव्हर्स गिअर टाकतों.