नंबर लागेल का?

जून उजाडला, की सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत दोन पाहुणे न चुकता येतात. एक पाऊस. तो कधी उशिरा येतो, कधी नुसताच डोकावून जातो. दुसरा पाहुणा मात्र वेळेचा पक्का आहे. बारावी झालेल्या मुलाला नाहीतर मुलीला पुढे करून तो माझ्या दारात उभा राहतो आणि विचारतो, "काका, नंबर लागेल का?"

जन्मभर संख्याशास्त्र शिकवल्याचे हे फळ आहे. ज्योतिषाकडे जावे तसे लोक माझ्याकडे येतात. पत्रिकेच्या जागी गुणपत्रिका असते आणि पंचांगाच्या जागी गतवर्षीच्या कट-ऑफची यादी. फरक एवढाच, की ज्योतिषी दक्षिणा घेतो आणि मी, चुकलो तरी, नामानिराळा राहतो.

यंदा शेजारच्या इमारतीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. विज्ञान शाखेतून बारावी झालेली त्यांच्या घरातली ही पहिलीच. पोरीने कॉलेजांच्या पसंतीची यादी कच्ची लिहून आणली होती. सगळ्यांत वर नाव होते सीओईपीचे. शिवाजीनगरची ही संस्था १८५४ सालची. विश्वेश्वरय्या इथेच शिकले. २०२२ पासून ती स्वतःच एक राज्य विद्यापीठ झाली आहे. पोरीचे पर्सेंटाइल गतवर्षीच्या तिथल्या शेवटच्या रेषेच्या खाली होते. फार नाही, पण खाली. आई म्हणाल्या, "सर, तुम्ही सांगाल तसं करू. हे वरचं नाव खोडायचं का?"

मी पेन हातात घेतले आणि तसाच थांबलो. का थांबलो, ते पुढे सांगतो. आधी हे सांगायला हवे, की असा अंदाज म्हणजे वस्तुतः काय असते.

पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. ९९ पर्सेंटाइल याचा अर्थ शंभरांतले नव्याण्णव प्रश्न बरोबर आले असा नाही. शंभरांतली सुमारे नव्याण्णव मुले तुमच्या बरोबरीची किंवा मागे आहेत, एवढाच. परीक्षेला तीन लाख मुले बसली असे समजा, म्हणजे ९९ पर्सेंटाइलवाल्याच्याही पुढे तीन हजार उभी आहेत. हा आकडा रांगेतली जागा सांगतो. रांगेत उभे राहिलेले माणूस कसे आहे, हे तो सांगत नाही.

आणि कट-ऑफ? दिवाळीच्या आधी चितळ्यांच्या दुकानापुढे लागणारी रांग आठवा. ज्याच्यापाशी येऊन बाकरवडी संपली, तो काही कमी प्रतीचा गिऱ्हाईक ठरत नाही. त्याच्या पुढची चार माणसे कंटाळून घरी गेली असती, तर त्यालाही मिळाली असती. महाविद्यालयाची शेवटची रेषा अशीच ठरते. पुढची काही मुले आयआयटीला जातात, काहींना दुसरी शाखा हवी असते, काहींना आईबाप परगावी पाठवत नाहीत, आणि एका अनोळखी घरातल्या निर्णयाने दुसऱ्या घरात पेढे वाटले जातात. आपण मात्र त्या रेषेच्या वरचे ते हुशार आणि खालचे ते सामान्य, असे धरून चालतो. हा हिशेब गणिताचा नव्हे, आपल्या अहंकाराचा आहे.

या रांगेचा आणखी एक नियम आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. तुमची पाळी आली, की आधी बाकरवडी मागा. ती संपली असली तर चिवडा मागा. बाकरवडी मागितली म्हणून चिवड्यासाठी तुम्हाला कोणी रांगेत मागे ढकलत नाही. अभियांत्रिकीच्या केंद्रीय प्रवेशाचीही हीच रीत आहे. गुणवत्ताक्रमाने एकेकाची पाळी येते आणि त्याच्या यादीतले जे सगळ्यांत वरचे नाव शिल्लक असेल, ते त्याला मिळते. अवघड नाव वर लिहिल्याने खालच्या नावाची शक्यता तसूभरही कमी होत नाही. जगात आशेला सहसा किंमत मोजावी लागते. इथे ती फुकट आहे. तरी आपण शहाणी माणसे ती मुलांच्या हातून काढून घेतो.

मी ती एकदा काढून घेतली आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच जिन्यावरचा एक मुलगा वडिलांबरोबर असाच आला होता. त्याने वर लिहिलेले नाव पाहून मी म्हणालो, "हे कशाला? उगाच मन अडकून राहतं." वडिलांनी मान डोलावली, मुलाने नाव खोडले. मला वाटले, मी त्याला निराशेपासून वाचवले. त्या वर्षी शेवटच्या फेरीत त्या महाविद्यालयाची रेषा घसरली आणि मुलाच्या पर्सेंटाइलच्या खाली जाऊन थांबली. यादी मी पाहिली, घडी घातली आणि कपाटात ठेवली. त्या घरी मी काही बोललो नाही.

माझा अंदाज चुकला, याचे मला फारसे वाईट वाटले नाही. अंदाज चुकायचेच. दहांत एक शक्यता म्हणजे सरासरी दहांतून एकदा ते घडणार, हे मी वर्गात शेकडो वेळा फळ्यावर लिहिले आहे. चूक दुसरीच होती. त्याने मला शक्यता विचारली होती. मी निर्णय देऊन टाकला. तो माझ्याकडे आरशासाठी आला होता आणि मी दार लावून घेतले.

मग सर्वांना गोड सांगावे काय? तेही मी करून पाहिले आहे. पश्चात्तापाच्या भरात पुढच्याच वर्षी एका बाईंना "लागेल हो, काळजी करू नका" असे सांगून मोकळा झालो. त्यांनी त्या भरवशावर हातची दुसरी जागा सोडली, आणि नंबर लागला नाही. पहिल्या वेळी मी कठोर होतो आणि दुसऱ्या वेळी प्रेमळ. पण दोन्ही वेळा मी माझ्याच मनाची सोय पाहिली. कठोर बोलताना शहाणपण मिरवता येते आणि गोड बोलताना चांगुलपणा. समोरच्या पोराला दोन्हींचा उपयोग नसतो.

परक्या माणसाची पात्रता नजरेने मापण्याचा हा धंदा जुना आहे. १८७५ साली मुरूडचा एक मुलगा परीक्षेसाठी सह्याद्रीचा घाट चढून शंभरावर मैल पायी साताऱ्याला गेला. वयाची अट सतरा वर्षांची होती. ती त्याने पुरी केली होती. पण अंगाने तो किरकोळ होता. समितीला तो सतराचा दिसला नाही आणि त्याला परीक्षेला बसूच दिले नाही. त्या मुलाचे नाव धोंडो केशव कर्वे. त्यांनीच पुढे १९१६ साली पुण्यात महिलांसाठी विद्यापीठ काढले. समितीतली माणसे दुष्ट होती असे मला वाटत नाही. समोर जे दिसले त्यावरून त्यांनी अंदाज केला, आणि तो पडताळून पाहण्याची संधी मात्र त्या मुलाला दिली नाही.

कोणी म्हणेल, कर्वे शतकातून एखादाच होतो. कबूल. दारातून परत फिरलेला प्रत्येक जण महर्षी होत नाही, आणि तो महर्षी होणार असेल तरच त्याला आत घ्यावे, असेही नाही. माझे म्हणणे त्याहून साधे आहे. आपले सगळे अंदाज गतवर्षीच्या यादीवर उभे असतात. १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली, तेव्हा त्या मुलींच्या आयांकडे आणि आज्यांकडे पाहून कोणी अंदाज केला असता, तर उत्तर शून्य आले असते. आज पुण्याच्या विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव आहे. ज्या घरात शिक्षणाचे हे पहिलेच वर्ष असते, त्या घराकडे गतवर्षीची यादी कुठून असणार? अशा मुलाला आपण "तुमच्याकडे कोणी शिकलं आहे का?" असे विचारून जोखतो, तेव्हा नकळत त्याच्या आजोबांचा निकाल त्याच्या हातावर ठेवतो.

म्हणून यंदा मी पेन खाली ठेवले आणि पोरीला जसे होते तसे सांगितले. "वरचं नाव लागण्याची शक्यता कमी आहे. गेल्या वर्षीसारखी रेषा राहिली, तर लागणार नाही. खाली तुला खरोखर चालतील अशी पाच-सहा नावं लिही, आणि ज्या कॉलेजात जायचंच नाही ते लिहू नकोस. वरचं नाव ठेवायचं की खोडायचं, ते तू ठरव. ठेवलंस तर तुझं काही जात नाही."

पोरीने आईकडे पाहिले नाही, माझ्याकडेही पाहिले नाही. ती म्हणाली, "राहू दे."

तिचा सीओईपीला नंबर लागला नाही. यादीतल्या चौथ्या नावाला लागला. रोज सकाळी दोन बस बदलून ती तिथे जाते. वाईट वाटले का, असे मी विचारले. "दोन दिवस वाटलं," ती म्हणाली, आणि घाईत होती म्हणून निघून गेली. दोन दिवसांचे दुःख माणसाला पेलते. आपण मोठी माणसे मुलांना त्या दोन दिवसांपासून वाचवायला जातो, आणि त्याऐवजी त्यांच्या गळ्यात काय बांधतो, ते मला गेल्या पाडव्याला कळले.

तो जिन्यावरचा मुलगा आता नोकरीला लागला आहे. पाडव्याला नमस्काराला आला होता. फराळाची बशी पुढे ठेवली आणि एवढ्या वर्षांनी मी विषय काढला. म्हटले, "त्या वर्षीची शेवटची यादी मी पाहिली होती. तुला सांगायला हवं होतं."

चकलीचा तुकडा हातात धरून तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मीही पाहिली होती, काका. तेव्हाच. बाबांना सांगितलं, की नाव मीच खोडलं, मलाच ते नको होतं."

"माझ्यावर रागावला नाहीस?"

"नंबर लागला नसता तर दुःख झालं असतं आणि संपलं असतं," तो म्हणाला. "पण मी लिहिलंच नव्हतं ना."

त्याने चकली संपवली, चहा घेतला आणि नेहमीसारखा वाकून नमस्कार केला. मी आशीर्वाद दिला. पण त्या दिवशी खरे म्हणजे तो त्याने मला द्यायला हवा होता.