बरं वाटलं की करू

2013 ते 2015 या काळात गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक अभ्यास चालू होता. दुखण्याखुपण्यासाठी केंद्रात आलेल्या माणसांना नऊ प्रश्न विचारले जात. झोप कशी लागते, भूक लागते का, कामात मन रमतं का, जगणं नकोसं वाटतं का. ज्यांच्या उत्तरांतून बरंच तीव्र नैराश्य दिसलं, अशा 495 जणांना अभ्यासात घेतलं गेलं. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांना त्या उपचारांच्या जोडीला एका समुपदेशकाबरोबर सहा ते आठ भेटी मिळाल्या. हे समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. मानसिक आरोग्याचं कोणतंही आधीचं शिक्षण नसलेली, याच कामासाठी तयार केलेली ती स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी 39 टक्के माणसं नैराश्यातून बाहेर आली होती आणि भेटी मिळालेल्यांपैकी 64 टक्के.

डॉ. विक्रम पटेल आणि गोव्यातली ‘संगाथ’ ही संस्था यांनी हे काम केलं आणि ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केलं. जगभर त्याची दखल घेतली गेली. मराठी घरांमध्ये मात्र त्यातला मुख्य धडा अजून पोचलेला नाही. या भेटींमध्ये घडायचं काय, ते पाहिलं की तो धडा कळतो.

समुपदेशक बालपण उकरून काढत नसत, सकारात्मक विचार करा असंही सांगत नसत. सकाळी उठल्यापासून तुम्ही काय करता, पूर्वी करत होता आणि आता सोडलंत असं काय काय आहे, कोणती गोष्ट केल्यावर मन थोडं हलकं होतं आणि कोणती केल्यावर आणखी जड होतं, असं ते विचारत. मग पुढच्या आठवड्यासाठी एखादी अगदी छोटी गोष्ट ठरायची. दारातल्या झाडांना पाणी घालणं, बहिणीला फोन करणं, संध्याकाळी देवळापर्यंत किंवा चर्चपर्यंत चालत जाऊन येणं. पुढच्या भेटीत, ती झाली का, नसेल तर कुठे अडली, याची चौकशी व्हायची. अडचण पैशांची किंवा घरातल्या भांडणाची असली तर त्यावर करता येण्यासारखं काय आहे तेही बसून ठरवलं जायचं.

यामागचा विचार जुना आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर लुइनसन यांनी 1970च्या दशकात तो मांडला. मन खचलं की माणूस एकेक गोष्ट सोडतो. ती सुटली की तिच्यातून मिळणारा आनंद, ओळखीपाळखी, आपण काही करू शकतो ही जाणीव, सगळंच सुटतं. त्यामुळे मन आणखी खचतं. ‘बरं वाटलं की करू’ असं म्हणत माणूस थांबतो आणि थांबल्यामुळेच त्याला बरं वाटत नाही. लुइनसन यांच्यासारख्यांनी हा क्रम उलटा केला. हातून काहीतरी घडू द्यायचं, मन मागून येतं. 1996 साली नील जेकबसन यांच्या गटाने दीडशे रुग्णांवर तुलना करून पाहिली. नुसती कृतीची आखणी केलेले रुग्ण आणि त्यासोबत विचार बदलण्याचे पूर्ण उपचार घेतलेले रुग्ण, दोघांमध्ये फरक आढळला नाही.

हे झालं नैराश्याचं. पण ते आणि चिंता अनेकदा एकाच माणसात एकत्र नांदतात, आणि चिंतेचं कुलूपही टाळण्यानेच लागतं.

पुण्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत दिसेल असं उदाहरण घेऊ. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा. दोनदा पूर्वपरीक्षेत नापास झाला आहे. सराव परीक्षेचा पेपर समोर आला की छातीत धडधड होते, हाताला घाम सुटतो. तो पेपर बाजूला सारून पुन्हा पुस्तक वाचायला घेतो. धडधड थांबते, हायसं वाटतं. हे हायसं वाटणंच घातक आहे. पेपर टाळला म्हणून वाचलो, असा धडा मनाने त्या क्षणी घेतलेला असतो. पुढच्या वेळी भीती आधी येते आणि जास्त येते. वाचन वाढत जातं, पेपर सुटत नाहीत, घरून फोन आला की उचलवत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला तो बारा तास अभ्यास करतो आहे असं दिसतं, पण आतून तो जागच्या जागी खिळलेला असतो.

बँकेचं पत्र न उघडणारा दुकानदार, तपासणीचा रिपोर्ट आणायला न जाणारी आजी, वरिष्ठांशी बोलणं रोज उद्यावर ढकलणारी कर्मचारी, सगळ्यांचं गणित तेच. अशा माणसाला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. तो पळून जाण्यासाठी दिवसभर कष्ट करत असतो.

त्या मुलाने पहिल्याच दिवशी शंभर प्रश्नांचा पेपर घड्याळ लावून सोडवावा, असं कुणी शहाणा सांगणार नाही. पहिल्या दिवशी दहा प्रश्न, वेळेचं बंधन नाही, गुण मोजायचे नाहीत. अट एकच, धडधड झाली तरी ते दहा संपेपर्यंत उठायचं नाही. दोन-चार दिवसांनी पंचवीस. मग घड्याळ. मग मित्रांसोबत बसून, चुका मोठ्याने वाचत. भीती नाहीशी झाल्यावर पुढची पायरी, असा नियम इथे नाही. भीती बरोबर असतानाच पायरी चढायची असते. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी ‘धडधड झाली आणि तरीही काही बिघडलं नाही’ असा नवा अनुभव तयार होतो, असं आजचे बहुतेक संशोधक मानतात. म्हणूनच कधीतरी ती भीती परत आली तर केलेलं सगळं पाण्यात गेलं असं समजायचं कारण नाही.

अल्बर्ट एलिस यांनी भीतीसकट कृती करण्याची ही पद्धत मानसशास्त्रज्ञ होण्याच्या कितीतरी आधी स्वतःवर वापरली होती. एकोणीस वर्षांचे असताना त्यांना मुलींशी बोलायची विलक्षण भीती वाटे. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे 130 स्त्रियांजवळ ते जाऊन बसले. तीस जणी उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. भेटायला येते असं एकीनेच कबूल केलं आणि ती आली नाही. त्या स्त्रियांना हे कितपत रुचलं असेल हा प्रश्न आज पडतो आणि तो पडायलाच हवा. पण एलिस यांना हवा तो पुरावा मिळाला. नकाराने आकाश कोसळत नाही. पुढे 1950च्या दशकात त्यांनी जी उपचारपद्धती उभी केली, ती मुंबईच्या कि. मो. फडके यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठी वाचकांपर्यंत आणली. एलिस यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. फडके यांच्या लेखनामुळे ‘मला यश मिळालंच पाहिजे’ या हट्टातला ‘च’ किती महाग पडतो, हे कित्येक मराठी माणसांना उमगलं.

कृती करायची खरी, पण रात्री अंथरुणात डोकं थांबतच नाही त्याचं काय? घरातली माणसं प्रेमाने म्हणतात, ‘विचार करू नकोस.’ हा सल्ला निरुपयोगी आहे. औषध घेताना माकड आठवू नका, असं सांगणाऱ्या वैद्याची गोष्ट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. 1987 साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी विद्यार्थ्यांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगून तेच प्रयोगशाळेत दाखवलं. बंदी घातलेला विचार पुन्हा पुन्हा येत राहिला आणि बंदी उठल्यावर तर अधिकच आला.

चिंतेला बंदी न घालता वेळ नेमून द्यावी, असा उपाय थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1983 साली मांडला. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास फक्त काळजी करायची. झोपायच्या जागी नको, झोपायच्या तोंडावर नको. दिवसभरात काळजी डोकावली की ती कागदावर एका ओळीत टिपायची, ‘साडेपाचला बघू’ असं स्वतःला सांगायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. साडेपाचला तो कागद घेऊन खरोखरच बसायचं. ज्या ओळीवर काही करता येईल तिच्यापुढे उद्याचं पहिलं पाऊल लिहायचं, म्हणजे कुणाला फोन, कोणतं कागदपत्र, किती वाजता. जिच्यावर काहीच करता येत नाही ती तशीच राहू द्यायची. सकाळी जीव घेणाऱ्या कित्येक ओळी संध्याकाळपर्यंत नुसत्या ओळी उरतात. पहिले काही दिवस हे खोटं खोटं वाटतं. तरी आठवडा-दोन आठवडे नेटाने करून पाहण्यासारखं आहे, कारण त्याला पैसा लागत नाही आणि कुणाला सांगावंही लागत नाही.

या उपायांची मर्यादाही स्पष्ट सांगायला हवी. सगळी चिंता डोक्यातली नसते. पाऊस गेला, सोसायटीचं कर्ज थकलं, मुलीच्या प्रवेशाचे पैसे भरायचे आहेत, अशा शेतकऱ्याला रोज फिरायला जा म्हणणं निर्दयपणाचं आहे. त्याला पीकविमा, कर्जाची फेररचना आणि वेळेवर भाव हवा. गोव्यातल्या भेटींमध्ये व्यवहारातल्या अडचणींनाही जागा होती ती उगाच नव्हे. तसंच आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, जीव द्यावासा वाटत असेल, तर वहीपेन घेऊन एकट्याने झगडण्यात अर्थ नाही. तिथे डॉक्टर लागतो, कधी गोळ्या लागतात, आणि गोळी घेणं म्हणजे हार नव्हे.

2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं की देशातल्या दर दहा प्रौढांपैकी सुमारे एकाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास होता आणि त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. या सगळ्यांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, आणि नजीकच्या काळात तयार होणारही नाहीत. म्हणून गोव्याचा अभ्यास महत्त्वाचा. शिकवून तयार केलेली साधी माणसं, सहा ते आठ भेटी आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्र एवढ्यावर हे काम उभं राहतं. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांचं जाळं आहे, आशाताई गावोगावी आहेत. त्यांच्यावर फुकटचा आणखी एक बोजा न टाकता, रीतसर मानधन देऊन प्रत्येक केंद्रावर असा एक समुपदेशक नेमावा, ही मागणी ग्रामसभेत आणि विधानसभेत व्हायला हवी. तोवर ज्याला आजच कुणाशी बोलायचं असेल त्याच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. फोनला पैसे पडत नाहीत, सेवा चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.