खेळाचा तास वायां जातो काय?

भंडारा जिल्ह्यांतील दिघोरी हें भाताच्या बांध्यांनीं वेढलेलें गांव. अशा गांवांतील आईबापांपुढें आम्ही एक प्रश्न ठेवूं इच्छितों. चौदापंधरा वर्षांचीं मुलें सायंकाळीं तासभर खेळलीं, तर तो तास वायां गेला असें म्हणावें काय?

एक बाप म्हणतो, "परीक्षा जवळ आली, खेळून पोट भरणार आहे काय?" दुसरा म्हणतो, "आमचा मुलगा रोवणीच्या दिवसांत चिखलांत राबतो. त्याला आणखी व्यायाम कशाला?" दोन्ही आक्षेप कळकळीचे आहेत, म्हणून त्यांचा विचार करणें अवश्य आहे.

पहिल्याविषयीं असें कीं, मेंदू हा देहाचाच अवयव आहे. धांवण्यानें हृदयाची गति वाढते व मेंदूच्या पेशींस पोषक अशीं द्रव्यें शरीरांत निर्माण होतात. अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठाच्या, २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, नऊदहा वर्षांच्या २० मुलांस २० मिनिटें चालावयास लावलें. त्यानंतर त्यांचें चित्त अधिक एकाग्र झालें व वाचलेलें अधिक समजलें. प्रयोग लहान होता. तथापि मोठ्या मुलांविषयींही पुढें अशाच दिशेचा पुरावा मिळत गेला आहे. तेव्हां खेळानें अभ्यास बुडतो हें भय अनाठायीं आहे.

दुसरा आक्षेप अधिक बिकट आहे. शेतांतील श्रम मानाचे खरे. पण तेथें मूल आज्ञेखालीं असतें, आणि पावसाची व कर्जाची चिंता त्याच्याही मनांत शिरते. खेळांत तें स्वेच्छेनें उतरतें, हंसतें, हरतें, आणि ज्यानें हरविलें त्याच्याच सोबतीनें घरीं येतें. २०१७ सालच्या एका समालोचनांत, प्रौढांच्या बाबतींत, फावल्या वेळच्या व्यायामाचा मनःस्वास्थ्याशीं चांगला संबंध दिसला. पोटासाठीं केलेल्या श्रमाचा तसा दिसला नाहीं. ज्या वयांत राग, लाज व उदासीनता अकस्मात् उसळतात, त्या वयास हा मोकळेपणा विशेष हवा.

मग मुलींचें काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें ५ ते १७ वर्षांच्या मुलांस दररोज सरासरी ६० मिनिटें अंगमेहनतीची हालचाल हवी. २०१६ पर्यंतच्या जगभरच्या आंकड्यांवरून, ११ ते १७ वर्षांच्या शंभर मुलग्यांपैकीं ७८ व शंभर मुलींपैकीं ८५ ह्यांस ती पुरेशी मिळत नव्हती. आमच्याकडे मुलगी वयांत आली कीं तिचें मैदान उंबरठ्याशीं संपतें. मुलास खेळ आणि मुलीस केवळ घागर, हा न्याय कोणता?

साधनांची सबब सांगूं नये. अमरावतीच्या, १९१४ सालीं स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ जगास दाखविले. हुतुतूस धान निघालेली मोकळी बांधीही पुरते.

एक सावधगिरी मात्र असावी. मूल बहुत दिवस खिन्न असेल, त्याची झोंप उडाली असेल, किंवा तें मरणाची भाषा बोलत असेल, तर "जा, खेळ" म्हणून त्यास हांकलूं नये. त्यास वैद्याकडे न्यावें. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर फुकट मिळते.

वाचकहो, लेंकरांस भाकर देणें हें आपण कर्तव्य मानतों. हा एक तासही त्यांचें देणेंच आहे. आज सायंकाळीं मुलीची घागर आपण उचलावी, आणि तिला खेळावयास जाऊं द्यावें.