हरिश्चंद्राची जाहिरात

कसाऱ्याहून येणाऱ्या लोकलने वाशिंदहून दादरला ऑडिशनला निघालो की आजोबा विचारतात, "फळाची आशा नको म्हणते गीता, मग फोटो वाटत कशाला फिरतोस?"

मी दादासाहेब फाळक्यांकडे बोट दाखवतो. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट केला. 3 मे 1913 रोजी तो गिरगावच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. गोष्ट सत्यासाठी सर्वस्व सोडणाऱ्या राजाची, तरी जाहिरात 57,000 छायाचित्रांची, तीन आण्यांत!

प्रेक्षकापर्यंत पोचणं हे नटाचं कर्मच. निवड होणं हे फळ. पहिलं माझ्या हातात, दुसरं नाही. मात्र जाहिरातीलाही हरिश्चंद्राची अट लागू: खोटं नको. म्हणून माझ्या प्रोफाइलमध्ये घोडेस्वारी लिहिलेली नाही. येत नाही मला.