आषाढातला सहकार

जव्हार-मोखाड्यातली गरिबी समजून घ्यायची असेल तर वार्षिक उत्पन्नाच्या आकड्यापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. दिवाळीच्या आगेमागे भात झोडून होते, नागली-वरई घरात येते आणि होळीपर्यंत कणगीत काहीतरी असते. मग तळ दिसू लागतो. ज्येष्ठात बियाणे लागते, आषाढात आवणी येते. अंगमेहनतीचा सर्वांत मोठा भार आणि धान्याचा सर्वांत मोठा तुटवडा, दोन्ही एकाच महिन्यात. घाटावरच्या माणसाला उपासमार म्हटले की कोरडे आभाळ आठवते. या डोंगरात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि भूक नेमकी त्या पावसात येते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली, तेव्हा हा भाग राज्याच्या नकाशावर एकदम ठळक झाला. पण ही भूक तेव्हाही नवी नव्हती.

इथला सावकारी व्यवहार या पंचांगावरच उभा राहिला. आषाढात धान्य द्यायचे आणि पीक हाती आले की दिढीने-दुपटीने परत घ्यायचे. या उसनवारीलाच खावटी म्हणतात. लग्नासाठी पैसे उचलायचे आणि ते फिटेपर्यंत मालकाकडे राबायचे, तो लग्नगडी. वेठबिगारी कायद्याने संपवली, पण पावसाळा सरताना मुकादमाकडून खर्ची उचलून वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर सहा-सात महिने जाणारी कुटुंबे आजही पाड्यापाड्यात आहेत. धान्य, लग्न आणि वीट या तिन्ही व्यवहारांचा सांगाडा एकच आहे. उद्याचे पीक किंवा उद्याचे श्रम आज स्वस्तात विकायचे. ते स्वस्त पडतात, कारण विकणाऱ्याला थांबता येत नाही.

म्हणून या दोन तालुक्यांत सभासदांच्या मालकीच्या संस्थेचे आर्थिक काम काय, या प्रश्नाचे माझे उत्तर छोटे आहे: सभासदाला थांबण्याची ताकद देणे. गोदाम, कर्ज, खरेदी केंद्र, भागभांडवल ही सगळी त्याची साधने आहेत. थांबता आले की भाव मागता येतो आणि खर्ची नाकारता येते. हे होत नसेल, तर संस्थेच्या फलकावर ‘सहकारी’ लिहिलेले असले काय आणि नसले काय, सारखेच.

मात्र सावकाराची ताकदही नीट ओळखायला हवी. तो नुसता लुबाडणारा असता तर दोन पिढ्यांत संपला असता. तो दारात येतो, कागद मागत नाही, रात्री आजारी माणसाला दवाखान्यात न्यायला पैसे देतो, मीठ-मिरची उधार देतो आणि परतफेड म्हणून मोहाची फुले, नागली, कोंबडी, जे असेल ते घेतो. दुकानदार, बँक, अडत्या आणि अडीअडचणीचा माणूस अशी चार कामे तो एकटा करतो. त्याची किंमत भयंकर असते, पण सेवा खरी असते. त्याला हटवू पाहणाऱ्या संस्थेने यातले एकच काम केले, तर सभासद ते एक काम संस्थेकडे करील आणि उरलेल्या तिन्हींसाठी पुन्हा त्याच ओसरीवर जाईल.

सहकाराच्या इतिहासात १८४४ मधल्या रॉचडेलच्या २८ कामगारांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांच्या दुकानाचा कडक नियम होता: माल रोखीनेच. गिरणीच्या गावात आठवड्याला मजुरी मिळणाऱ्या माणसाला हा नियम उधारीतून सोडवणारा होता. मोखाड्याच्या पाड्यावर आषाढात हाच नियम लावला तर दुकानासमोर कोणी उभे राहणार नाही. आपल्याला जवळचे उदाहरण जर्मनीतले आहे. १८४६-४७ च्या दुष्काळी हिवाळ्यात वायरबुश गावचा तरुण महापौर रायफायझन याने गावकऱ्यांची मंडळी उभी करून पिठाची सोय केली, सामाईक भट्टीत पाव भाजला आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांना तो उधारीवर दिला. पुढे त्यातूनच एकमेकांना ओळखणाऱ्या शेजाऱ्यांच्या पतसंस्था निघाल्या. १९०४ च्या भारतीय सहकारी पतसंस्था कायद्यामागे प्रेरणा त्याच पद्धतीची होती. म्हणजे आपल्याकडच्या सहकाराचे मूळ भुकेच्या महिन्यातल्या उधारीत आहे. पुढे साखरेच्या गोडीत आपण ते विसरलो.

कारण महाराष्ट्रात सहकार म्हटले की डोळ्यांसमोर प्रवरानगर येते. विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून १९५० मध्ये तिथला कारखाना सुरू झाला आणि तोच नमुना राज्यभर गेला. त्या नमुन्याला पाटपाणी लागते, नगदी पीक लागते आणि उसाच्या बिलातून भागभांडवल कापून घेता येईल असा शिलकी शेतकरी लागतो. जव्हार-मोखाड्यात उतारावरची जमीन आहे आणि पीक पावसावर आहे. मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे मध्य वैतरणा धरण बांधले गेले, त्याचे पाणी मुंबईला जाते. बिलच नसलेल्या शेतकऱ्याकडून कपात कशातून करणार? साखरपट्ट्यातला सहकार शिलकीची व्यवस्था लावण्यासाठी जन्मला. इथल्या सहकाराला तुटीची व्यवस्था लावायची आहे. दोघांना एकाच कायद्याखाली नोंदवता येते, पण एकाच मापाने मोजता येत नाही.

या भागासाठी वेगळा विचार झालाच नाही, असेही नाही. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला मुंबई प्रांतातल्या आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला सांगितले. मोखाडा तेव्हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात होता आणि शेजारचे जव्हार मुकणे राजांचे संस्थान होते, जे १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. कर्ज आणि वेठ यांना मात्र संस्थानाची सीमा माहीत नव्हती. जंगलतोडीचे काम ठेकेदारांऐवजी आदिवासींच्या सहकारी संस्थांकडे द्यावे, या सिमिंग्टनच्या सूचनेतून स्वातंत्र्याच्या सुमारास जंगल कामगार सोसायट्या निघाल्या. लिलाव न करता सोसायटीला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, द्यायचा; सभासदांनी झाडे तोडायची, ओंडके पाडायचे, डेपोपर्यंत न्यायचे; मजुरी ठरल्या दराने आणि नफ्यात वाटा. खेरांनी स्थापन केलेल्या आदिवासी सेवा मंडळासारख्या संस्थांनी त्यांना आधार दिला.

या रचनेतला शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो. सभासदाकडे जे नव्हते ते तिने त्याच्याकडे मागितले नाही. कुऱ्हाड, जंगलाची ओळख आणि श्रम एवढेच भांडवल धरले. शिवाय तोडीचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्यात संपतो. म्हणजे मजुरीचा पैसा ज्येष्ठ-आषाढाच्या आधी हातात पडणार, भुकेच्या अगदी उंबरठ्यावर. गावाजवळ असे काम असले की वीटभट्टीची खर्ची नाकारायला बळ येते.

पण मुळातच एक उणीव होती. जंगल सोसायटीचे नव्हते. कूप द्यायचे की नाही, हे वनखाते ठरवणार. १९८० चा वनसंवर्धन कायदा आला, १९९६ मध्ये गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आले, तोड आक्रसत गेली. जंगल राखण्याच्या दृष्टीने ते आवश्यकही होते. मात्र तोड थांबल्यावर सोसायटीकडे करायला काही उरले नाही, कारण जंगल वाढवणे, राखणे आणि त्यातली इतर उपज विकणे यांचा हक्क तिला कधी दिलाच नव्हता. त्यातच काही ठिकाणी सोसायटीच्या नावाआड जुना ठेकेदारच धंदा करीत राहिला. श्रम सभासदाचे आणि वस्तू दुसऱ्याची, अशा सहकाराचे आयुष्य त्या दुसऱ्याच्या मर्जीइतकेच असते.

दुसरा मोठा प्रयत्न १९७० च्या दशकातला. १९७२ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले. आदिवासी विविध कार्यकारी सहकारी संस्था निघाल्या, त्यांत कर्ज, खरेदी आणि किराणा एका छपराखाली आणण्याची कल्पना होती. सावकाराची चारही कामे एका संस्थेने करावीत, हा त्यामागचा विचार अचूक होता. १९७६ च्या कायद्याने अधिसूचित आदिवासी भागात ठरावीक शेतमाल आणि वनोपज यांची एकाधिकार खरेदी महामंडळाकडे आली आणि गावपातळीवर या संस्था त्याच्या वतीने खरेदी करू लागल्या. १९७८ पासून जून ते सप्टेंबर या महिन्यांसाठी खावटी कर्ज सुरू झाले. सावकाराच्या व्यवहाराचेच नाव सरकारने आपल्या योजनेला दिले, यातच भुकेचे पंचांग सरकारलाही कळले होते हे दिसते.

मग अडले कुठे? माझ्या मते मालकीत. भांडवल मुख्यतः सरकारचे, दर सरकारचा, खरेदी सुरू करण्याची तारीख सरकारची आणि कर्जमाफीचा निर्णयही सरकारचा. सभासदाचा भाग नाममात्र. संस्था बुडाली तर त्याचे काही जात नाही, चालली तरी त्याला काही ठरवता येत नाही. घेतलेली खावटी फेडली नाही तर शेजाऱ्याची पुढच्या वर्षाची खावटी अडेल, ही जाणीव अशा रचनेत येत नाही, कारण पैसा शेजाऱ्याचा नसतो. खावटी कर्ज पुढे बंद पडले. २०२० मध्ये ते परतले ते अनुदान म्हणून, कुटुंबाला ४,००० रुपये, अर्धे वस्तूंत, अर्धे खात्यावर, एका वर्षापुरते. कोरोनाच्या संकटात ते योग्यच होते. पण कर्ज देणारी संस्था जाऊन वाटप करणारी यंत्रणा उरली, हा प्रवास कुठल्याही लेखापरीक्षणात नोंदला जात नाही.

एकाधिकार खरेदीचाही असाच पेच आहे. व्यापाऱ्याला कायद्याने बाजूला केले की संस्थेला सभासद जिंकावा लागत नाही. २०२४-२५ च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये आणि नागलीचा ४,२९० रुपये होता. भाव वाईट नव्हे. पण केंद्र पंधरा दिवस उशिरा उघडले, पैसे महिन्याने खात्यावर आले, तर घरात आजारपण असलेला माणूस शंभर-दोनशे रुपये कमी घेऊन दारातल्या टेम्पोत पोते टाकतोच. हमीभाव मालाला असतो. माणसाला तो मिळेपर्यंतच्या दिवसांची हमी कोण देणार, हा प्रश्न तसाच राहतो.

कर्जत तालुक्यात कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने १९८० च्या सुमारास ठाकूर-कातकरी वाड्यांमध्ये धान्यकोशाचा प्रयोग केला, तो या प्रश्नाच्या जवळ जातो. पावसाळ्यात वाडीच्या सामाईक साठ्यातून धान्य न्यायचे, सुगीनंतर थोडी वाढ घालून परत भरायचे. वाढ सावकारापेक्षा खूप कमी, आणि तीही वाडीच्याच कणगीत पडणारी. रोख रक्कम, संगणक, सचिव यांतले फारसे काही लागत नाही. लागतो तो शेजाऱ्यांचा एकमेकांवरचा वचक. या भागात आवणीला एकमेकांच्या शेतात जाण्याची रीत आहेच, म्हणजे वचक आणि विश्वास बाहेरून आणावे लागणार नाहीत.

यावर एक आक्षेप रास्त आहे. पाड्यावर सगळेच एकदम गरीब असतील, तर एकमेकांना देणार काय? पाऊस गेला तर सगळ्यांचीच कणगी रिकामी. हे खरे आहे, आणि म्हणूनच केवळ पाड्याचा सहकार पुरणार नाही. वर जोडणारा संघ, गोदाम, रस्ता, वाईट वर्षातला आधार हे सार्वजनिक पैशानेच व्हायला हवे. सरकारने गोदाम बांधावे, पण त्याची किल्ली गावाकडे असावी. वनहक्क कायद्याने २००६ मध्ये सामूहिक हक्काची वाट उघडली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०११ पासून बांबू स्वतः विकून दाखवला. जंगल कामगार सोसायटीला जे कधी मिळाले नाही, ते ग्रामसभेला मिळू शकते, हे त्या गावाने सिद्ध केले आहे.

संस्थेने काय करायचे, हे पीकही सांगते. नागली वर्षानुवर्षे टिकते, तिला कीड लागत नाही. तिच्या संस्थेचे काम थांबण्याचे. अलीकडे जव्हार-विक्रमगडकडे मोगऱ्याची लागवड झाली आहे. कळी काही तासांत दादरच्या फुलबाजारात पोचली नाही तर तिची किंमत उरत नाही. तिच्या संस्थेचे काम एकत्र आणि वेळेत पोचण्याचे. मोगरा उन्हाळ्यात पैसा देतो आणि कुटुंबाला भट्टीवरून परत आणतो. त्याच पैशाचा एक भाग आषाढाच्या कोशात ठेवण्याची रीत शेतकऱ्यांच्या गटाने पाडली, तर एका पिकाची घाई दुसऱ्या पिकाला धीर देईल. त्या गटाची नोंद सहकारी संस्था म्हणून झाली की उत्पादक कंपनी म्हणून, हा तपशील दुय्यम आहे.

शेवटी हिशेबाचा मुद्दा. अशा संस्थेचा ताळेबंद कधीच डोळे दिपवणार नाही. उलाढाल लहान, लाभांश जवळजवळ नाही, व्यवस्थापनाचा खर्च जास्त. सहकार खात्याच्या वर्गवारीत ती बहुधा खालच्या वर्गात बसेल आणि कोणीतरी ती अवसायनात काढायची शिफारस करील. पण तिने मिळवलेला नफा तिच्या वहीत नसतोच. जे दिढीचे धान्य द्यावे लागले नाही, जे पोते दिवाळीच्या पडत्या भावात गेले नाही, जी खर्ची उचलली नाही आणि त्यामुळे जे मूल शाळेत राहिले, तो नफा शंभर घरांत विखुरलेला असतो. तो मोजण्याची पद्धत आपण अजून बसवलेली नाही. ती बसवायची तर वार्षिक सभेत पहिला प्रश्न उलाढालीचा न विचारता असा विचारावा लागेल: गेल्या आषाढात आपल्यापैकी किती घरांनी बाहेरचे कर्ज घेतले, आणि त्याआधीच्या आषाढात किती घरांनी घेतले होते? हा आकडा दरवर्षी उतरत असेल तर संस्था फायद्यात आहे.