श्रवणाची अमानत

मूल काहीही न जाणता जन्माला येते, हे सांगून कुरआन (सूरह नहल, १६:७८) अल्लाहच्या देणग्यांत श्रवणाचा उल्लेख सर्वप्रथम करतो. मग ज्या घरी ऐकू न येणारे मूल जन्मते, त्या घराने काय करावे?

‘तकदीर आहे, सब्र करा,’ असे आपण सांगून मोकळे होतो. परंतु आधी उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही पैगंबर (स.) यांची शिकवण आपण जाणतोच. उपचार करणे सब्राच्या विरुद्ध नाही. येथे तर विलंबच घातक आहे. कॉक्लियर इम्प्लांट आतल्या कानात बसवलेल्या बारीक तारेतून श्रवणनाडीला विद्युत-संकेत पोहोचवते. मात्र ते संकेत उमगण्याची मेंदूची क्षमता पहिल्या तीन-साडेतीन वर्षांत सर्वाधिक असते. ‘याचे वडीलही उशिराच बोलले होते,’ असे म्हणत घालवलेले वर्ष परत येत नाही. केंद्राच्या ॲडिप योजनेत पात्र कुटुंबांतील लहान बालकांना यासाठी साहाय्य मिळते. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था तिची समन्वयक आहे.

तथापि शस्त्रक्रिया आवाज देते, भाषा देत नाही. काही आठवड्यांनी यंत्र सुरू होते, तेव्हा मूल दचकते, कधी रडतेही. वयाने ते तीन वर्षांचे असले, तरी श्रवणाच्या हिशेबाने त्या दिवशी नवजात असते. आधी आवाजाकडे वळणे, मग बोबडे बोल, मग शब्द, मग वाक्य, असा तान्ह्या बाळाचा सारा प्रवास त्याला करायचा असतो. दोन महिन्यांत त्याच्याकडून कलिमा म्हणवून घेण्याची घाई करणे हा त्याच्यावर जुलूम आहे. भाकरी थापताना आईने, वुझू करताना वडिलांनी ‘पाणी’, ‘हात’, ‘तोंड’ हे शब्द शेकडो वेळा उच्चारावेत. ही अमानत कोणतेही यंत्र पार पाडू शकत नाही.

आणि इतके करूनही मूल स्पष्ट बोलले नाही तर? फिकहमध्ये मुक्या माणसाचा परिचित इशारा व्यवहारात उच्चाराप्रमाणेच ग्राह्य धरला आहे. ज्याला शरीयतने पूर्ण माणूस मानले, त्याला आपण कमी लेखणारे कोण? म्हणून सांकेतिक भाषा शिकवण्यातही संकोच नसावा.

आपल्या मोहल्ल्यात टाळीच्या आवाजाकडे न वळणारे एखादे बाळ असेल, तर त्याच्या घरी जाऊन दुआ अवश्य करा. पण निघताना श्रवणतपासणी कोठे होते, तेही सांगून या.